चार्जिंग मारत नाही

"काका, ट्रॅक्टर चार्जिंग मारत नाय," असं पुतण्या म्हणाला तेव्हा मला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही. चिखलणी ऐन भरात, रोपं लावणीला आलेली, निम्म्या वडिवळ्याची खाचरं तुडुंब भरून आमच्या ट्रॅक्टरची वाट बघत बसलेली, पुतण्याचं तोंड उतरलेलं, आणि मी मनातल्या मनात टाळी वाजवली. आला! एकदाचा माझ्या खात्यातला रोग आला!

निवृत्त होऊन गावात राहायला आल्यापासून मी या घटकेची वाट बघत होतो. शेतीत माझ्या मताला किंमत शून्य. रोप कधी उपटावं, बांध कुठं फोडावा, पेंढा कुठं रचावा यावर मी बोलतो, सगळे मान डोलावून ऐकून घेतात, आणि मग पुतण्या आईकडे वळून विचारतो, "मंग काय करायचं?" गावात मला 'साहेब' म्हणतात. सुरुवातीला मला तो मान वाटायचा. पुढं लक्षात आलं की ज्याला काम सांगता येत नाही आणि ज्याचं ऐकायचंही नसतं, त्याच्यासाठी गावानं ही पदवी राखून ठेवली आहे. पिंपरीच्या कारखान्यात मात्र मी उभा जन्म विद्युत देखभाल विभागात काढला. रात्रपाळीला एखादी लाइन बंद पडली की भलेभले अधिकारी माझ्या मागं हात बांधून उभे राहायचे. बांधलेल्या हातांची ती रांग मला अजून स्वप्नात दिसते. इथं विजेच्या बाबतीत माझा सल्ला कुणी घेतलाच असेल तर पाण्याची मोटर जळाली तेव्हा, आणि तोही "नवी कुठं स्वस्त मिळंल?" एवढाच.

तेव्हा मी घरात गेलो, इस्त्रीचा शर्ट घातला, मल्टिमीटर त्याच्या चामड्याच्या पिशवीसकट कमरेच्या पट्ट्याला अडकवला आणि पडवीतून खाली उतरलो. वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"भावजी, कुणाचं लगीन?"

ट्रॅक्टर गोठ्यामागच्या उतारावर उभा होता. तो तिथंच का उभा होता हे सांगायला हवं, कारण माझा पहिला संताप तिथून सुरू झाला. डिझेल इंजिनाला पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी लागत नाही. हवा दाबून दाबून इतकी तापते की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं, आणि डिझेल फवारणारा पंप इंजिनाच्याच गिअरवर फिरतो. म्हणजे आमच्यासारखा जुना ट्रॅक्टर एकदा सुरू झाला की त्याला विजेची गरजच उरत नाही. बंद करायचा तर दांडी ओढायची. वीज हवी ती सेल्फ मारायला, दिवे लावायला आणि हॉर्न वाजवायला. आणि नाणे मावळात हॉर्न ऐकून बाजूला होणारी म्हैस अजून जन्माला यायची आहे. त्यामुळं बॅटरी बसली तरी ट्रॅक्टरवाल्याला काही अडत नाही. ट्रॅक्टर उतारावर लावायचा, सकाळी ब्रेक सोडायचा, वेग आला की गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा. झाला सुरू. उतार ही वस्तू मावळात मुबलक, फुकट आणि बारमाही मिळते. पुतण्यानं गावातले सगळे उतार पाठ करून ठेवले होते. कुणाच्या लग्नाला गेला तरी मांडवात शिरायच्या आधी तो उतार शोधायचा.

म्हणजे रोग आजचा नव्हता. उन्हाळाभर तो अंगावर काढला होता. आता बोंब का झाली, तर चिखलणीत उतार मिळत नाही. भाताचं खाचर कसं, पाण्याची पातळी लावून सपाट केलेलं. तिथं इंजिन बंद पडलं तर गुडघाभर रेंद्यातून ट्रॅक्टर ओढायला दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो. म्हणून पुतण्या तो बंदच करत नव्हता. जेवायची सुट्टी झाली तरी बांधाशी लोखंडी चाकांवर ट्रॅक्टर धडधडत उभा, आणि शेजारी बसलेली माणसं एकमेकांकडे ओरडून ओरडून चटणी मागताहेत. डिझेलचा हिशेब तर विचारूच नका.

"इतके दिवस मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"चालत होता की," पुतण्या म्हणाला.

या तीन शब्दांवर माझा जुना राग आहे. माझ्यासारख्या माणसाला बिघाड परवडतो, बिघाडाशी जमवून घेतलेलं परवडत नाही. ज्यानं उतार शोधला त्यानं माझ्या विद्येचा अपमान केला, असं मला तेव्हा खरोखर वाटलं.

पाऊस असल्यामुळं प्रेक्षक आयतेच मिळाले. पाचसहा पोरं डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेऊन गोठ्याच्या वळचणीला उभी होती. मी सावकाश पिशवीचं बटण काढलं, मीटर बाहेर काढलं, लाल वायर, काळी वायर. हे सगळं एका झटक्यात करता येतं, पण तसं केलं नाही. बॅटरीच्या टर्मिनलांवर पांढरी-हिरवी बुरशी साचली होती. गरम पाणी मागवलं, ओतलं, घासलं. मग मीटर लावलं आणि जाहीर केलं, "बारा पॉइंट एक!"

कुणावर काही परिणाम झाला नाही. एक पोरगा म्हणाला, "बाराची बॅटरी बारा दावती. मंग बरोबर हाये की."

इथून माझा खरा व्याप सुरू झाला. बाराची बॅटरी ही नावाला बाराची असते. आत सहा खण, प्रत्येक खणाचे दोनच्या थोडे वर व्होल्ट, म्हणजे भरलेली बॅटरी शांत उभी असताना साडेबाराच्या वर दाखवते. बारा दाखवायला लागली की तिचे बारा वाजले असं समजायचं. हा विनोद मी कारखान्यात प्रत्येक नव्या शिकाऊ उमेदवाराला ऐकवत आलो आणि प्रत्येक जण हसत आला. ही पोरं हसली नाहीत. तेव्हा प्रथमच मनात शंका आली की ते उमेदवार विनोदाला हसत होते की माझ्या सहीच्या अधिकाराला.

मग ट्रॅक्टर उतारावरून सुरू केला. चांगला रेस करून परत मीटर लावलं. चार्जिंग होत असेल तर इथं चौदाच्या आसपास दिसायला हवं. दिसलं बारा पॉइंट एक. पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला, ताण ठीक होता. जाड तार हलवून बघितली, घट्ट होती. इंजिनाकडून येणारी अर्थिंगची पट्टी तपासली, तीही शाबूत. मी प्रत्येक गोष्ट तपासून "हं" म्हणत होतो. 'हं' हे आमच्या विभागातलं महत्त्वाचं हत्यार आहे.

एवढ्यात मघाचाच पोरगा पुढं झाला आणि त्यानं बॅटरीच्या टर्मिनलला हात घातला. "एक वायर काढून बघू. बंद पडला तर डायनमा गेला."

मी असा ओरडलो की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

या एका सल्ल्यावर मी खरंच चिडतो आणि आत्ता लिहितानाही चिडलो आहे. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून बघायची ही परीक्षा डायनॅमोच्या काळातली. तेव्हा तीत निदान काही अर्थ होता. आता डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर असतो, आणि तो चालू असताना बॅटरी अचानक बाजूला केली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि आतले डायोड, रेग्युलेटर एका क्षणात जळू शकतात. म्हणजे आजारी नसलेला माणूस तपासणीतच जायचा. त्यातून हा डिझेल ट्रॅक्टर! याची बॅटरी काढून घरी नेऊन ठेवली तरी इंजिन बंद पडणार नाही. ज्या परीक्षेत आजारी आणि ठणठणीत दोघेही पास होतात आणि ठणठणीत मात्र मरतो, ती परीक्षा गावोगाव बापानं पोराला शिकवलेली असते. आणि दुसरीकडे दुकानदार! पुतण्यानं मला सांगायच्या आधी एकाला फोन केला होता. त्यानं ट्रॅक्टर न बघता, आवाज न ऐकता, फोनवरच निदान केलं होतं: "नवीनच टाका." आल्टरनेटरमध्ये झिजतात ते दोन कार्बनचे तुकडे, कधी बेअरिंग, कधी एखादा डायोड. पूर्वीचे मिस्त्री दुकानापुढं गोणपाट टाकून तो खोलायचे, कार्बन बदलायचे, वायंडिंग नव्यानं भरायचे आणि तासाभरात जोडून द्यायचे. आता खोलणाऱ्याला वेळ नाही आणि विकणाऱ्याला खोलण्यात रस नाही. माझ्यासारखी माणसं कारखान्यातून आणि हे मिस्त्री रस्त्याकडेनं एकाच सुमाराला नाहीसे झालो, यात मला काहीतरी शिजलेलं दिसतं. असो. गाय बसली.

मग मी हुकमाचा पत्ता काढला. इंजिन बंद करून, चावी फिरवलेली ठेवून, स्क्रू ड्रायव्हरचं टोक आल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ नेलं. आल्टरनेटरच्या पोटात फिरणारा भाग म्हणजे एक चुंबक असतो, पण कायमचा नाही. त्याच्या गुंडाळीतून वीज गेली तरच तो चुंबक होतो. तो जागा असेल तर स्क्रू ड्रायव्हर खटकन ओढून घेतो. इथं स्क्रू ड्रायव्हर नुसता लोंबत राहिला.

"चुंबक मेलाय," मी गंभीरपणे म्हणालो. आणि मग, देवा शप्पथ, मला थांबता आलं नाही. मी म्हणालो, "मुळात वीज तयार कशी होते?"

दोन पोरं लगेच पाऊस कमी झालाय म्हणून निघून गेली. पाऊस तसाच धो धो पडत होता.

इथं मला जरा लोणावळ्याला जाऊन यावं लागेल. जरा म्हणजे किती, ते घरच्यांना विचारू नका. मी विजेबद्दल बोलायला लागलो की बायको "निघाले खोपोलीला" म्हणते आणि उठून स्वयंपाकघरात जाते. पण मी म्हणतो, मावळातल्या माणसानं खोपोलीबद्दल बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? फॅरेडेनं 1831 साली लंडनमध्ये दाखवून दिलं की तारेच्या गुंडाळीजवळ चुंबक हलला की तारेत वीज येते. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत त्या युक्तीनं आपल्या मावळचं पाणी घाटाखाली उतरवलं. जमशेटजी टाटांच्या मनात ही कल्पना होती. 1904 मध्ये ते गेले आणि पोरांनी ती पुरी केली. 8 फेब्रुवारी 1911 ला वळवणच्या धरणाची पायाभरणी झाली आणि 1915 पासून खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज जायला लागली. आता यातली गंमत बघा. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तो इंद्रायणीच्या उगमाकडं पडतो. त्या पाण्यानं रीतसर पूर्वेला वाहत देहू-आळंदी करत भीमेला मिळावं. ते तळ्यांत अडवलं, कालव्या-नळांतून घाटाच्या कड्यापर्यंत आणलं आणि पश्चिमेला पाचशे मीटर खाली सोडलं. खाली चाकं. त्या चाकांना कडेनं वाट्या बसवलेल्या. एवढ्या उंचीवरून आलेलं पाणी बारीक तोंडातून त्या वाट्यांवर आदळतं आणि चाक गरगरतं. चाकाला जोडलेलं जनित्र फिरतं आणि काम संपलेलं पाणी मुकाट्यानं पाताळगंगेत जातं. मला हे चाक स्वप्नात दिसतं. बांधलेल्या हातांच्या रांगेनंतर त्याचाच नंबर. 1922 मध्ये आंदर मावळातल्या ठोकळवाडीच्या पाण्यावर भिवपुरी सुरू झालं. 1927 मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिरा. 1930 च्या 1 जूनला दख्खनची राणी विजेवर घाट चढली. अख्ख्या देशाच्या विजेच्या इतिहासात पहिल्या पानावर आपला पाऊस आहे, आणि ही आमची पोरं बॅटरीची वायर काढून बघतात!

आणखी एक. त्या खोपोलीच्या अजस्र जनित्रांनासुद्धा सुरुवातीला बाहेरून थोडी वीज द्यावी लागायची, आतलं चुंबक जागं करायला. त्यासाठी शेजारी एक छोटं जनित्र ठेवलेलं असे. वीज करायला आधी वीज लागते. आमच्या ट्रॅक्टरची कथा तीच होती. तिथंच मी येत होतो. पण माणूस एकदा घाट उतरला की लवकर वर चढत नाही.

कारण खोपोलीच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती मी पोरांना सांगत नाही. तळ्यांखाली भाताची खाचरं गेली. 1921 मध्ये मुळशी खोऱ्यातली माणसं धरणाच्या कामावर जाऊन बसली. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' लोकांनी केलं ते त्याच सत्याग्रहात. तुरुंग भरले, धरण झालं, जमिनी गेल्या. आमच्या घरात विजेचा पहिला दिवा लागला तेव्हा मी हायस्कुलात होतो. दादानं शाळा त्याआधीच सोडली होती, कारण दोघांतल्या एकाला औत धरायचं होतं आणि अभ्यासाला कंदील एकच होता. म्हणजे मी साहेब झालो तो त्या कंदिलावर. पुढं मी सुट्टीला यायचो आणि दादाला हीच खोपोलीची गोष्ट ऐकवायचो. अख्ख्या गावात ती शेवटपर्यंत ऐकणारा तो एकटाच माणूस. पाणी कुठलं, पडतं कुठं, वीज जाते कुठं, सगळं मन लावून ऐकायचा, आणि दर वेळी शेवटी एकच विचारायचा:

"मंग आपल्याला किती आली?"

मी विषय बदलायचो. त्याचा हिशेब कुठल्याच मीटरवर दिसत नाही.

दादाचं समाधान त्यानं स्वतःच शोधलं होतं. कार्तिकी वारीला आळंदीत इंद्रायणीचं पाणी कमी पडलं की आमच्या वडिवळे धरणातून सोडतात. कुंडलिकेचं पाणी इंद्रायणीत, आणि इंद्रायणीतून वारकऱ्यांच्या डोक्यावर. "वीज मुंबईला जाईना का," दादा म्हणायचा, "पुण्यात आपला वाटा हाये." हा ट्रॅक्टरही त्यानंच घेतला, जुना, दुसऱ्याच्या हातचा, आणि पहिल्या दिवशी बैल जोडून त्याच्यापुढं उभे केले, "तुमच्या जागी आलाय, वळख करून घ्या" म्हणाला. दादा जाऊनही आता बरेच पावसाळे झाले. ट्रॅक्टरच्या चिखलफळीवर त्याची बसायची गोणी पुतण्यानं अजून बदललेली नाही.

तर मी खोपोलीत असताना वहिनी चहा घेऊन गोठ्यामागं आल्या. तोवर प्रेक्षकांत पुतण्या, मघाचा टर्मिनलवाला पोरगा आणि गाय एवढेच उरले होते. वहिनींनी कपबशी माझ्या हातात दिली आणि उभ्याउभ्या जेवढं कानावर पडलं तेवढं ऐकलं. मी समजावत होतो की आल्टरनेटरला आधी बॅटरीकडून थोडासा प्रवाह मिळतो, त्यावर तो स्वतःची वीज करायला लागतो, मग तीच थोडी स्वतःच्या चुंबकाला वापरतो आणि उरलेली बॅटरीला परत करतो. हे मी उत्तेजन, क्षेत्र, प्रेरण असे शब्द घालून सांगत होतो.

"म्हंजी विरजण," वहिनी म्हणाल्या.

मी थांबलो.

"दह्याला आधी दही लागतं, तसंच ना? मंग तुमचं विरजण संपलंय. दूध घालून काय उपेग?" आणि कपबशी परत घेण्यासाठी हात पुढं करत त्यांनी विचारलं, "हे विरजण ठेवायचं कुठल्या भांड्यात?"

"भांडं असं नसतं वहिनी," मी जरा तुसडेपणानंच म्हणालो. "ते येतं पुढच्या पॅनेलवरच्या लाल दिव्यातून."

आणि मग आम्ही सगळ्यांनी एकदम पुढच्या पॅनेलकडं बघितलं. चावी फिरवलेलीच होती. ऑइलचा दिवा लागलेला होता. चार्जिंगचा लाल दिवा काळाठिक्कर.

हा दिवा भल्याभल्यांना चकवतो. इंजिन चालू असताना तो विझलेला असणं हे तब्येतीचं लक्षण. पण इंजिन सुरू व्हायच्या आधी, नुसती चावी फिरवल्यावर, तो लागलाच पाहिजे. कारण बॅटरीचा तो थोडासा प्रवाह आमच्या ट्रॅक्टरात याच दिव्यातून आल्टरनेटरच्या पोटात जातो. जातो म्हणून दिवा लागतो, आणि जातो म्हणून आतला चुंबक जागा होतो. आल्टरनेटरची स्वतःची वीज सुरू झाली की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं, प्रवाहाला जायला कारण उरत नाही, दिवा विझतो. आता या दिव्यातली केसाएवढी तार तुटली तर? पट्टा नवा, कार्बन नवे, डायोड ठणठणीत, आणि आत एक थेंब विरजण नाही. कधीमधी लोखंडात शिल्लक राहिलेल्या जुन्या चुंबकत्वावर, जोरात रेस केली की चार्जिंग धरायचंही, म्हणून पुतण्या "कवा मारतो, कवा नाय" म्हणत होता आणि म्हणूनच दुकानदाराला आल्टरनेटर गेल्यासारखा वाटला.

"हा दिवा कधीपासून लागत नाही?" मी विचारलं.

"लई दिस झाले," पुतण्या म्हणाला. "मी म्हटलं, लाल दिवा लागायचा थांबला, म्हंजी बिघाड गेला."

मी पॅनेल उघडलं. डिपरचा निळा दिवा त्याच मापाचा होता, तो काढून चार्जिंगच्या जागी बसवला. चावी फिरवली. लाल दिवा लख्ख लागला.

"आता बिघडला!" टर्मिनलवाला पोरगा म्हणाला.

मी त्याच्याकडं न बघता स्क्रू ड्रायव्हर पुढं केला. खटकन ओढला गेला. पुतण्यानं ब्रेक सोडला, ट्रॅक्टर उतारावरून निघाला, धुराचा लोट आला, इंजिननं धरलं, आणि लाल दिवा विझला. मी धावत जाऊन मीटर लावलं. आकडे वर चढायला लागले. साडेबारा, तेरा, साडेतेरा.

पुतण्या सीटवरून वाकला, दादाच्या गोणीवर हात टेकून, आणि इंजिनच्या आवाजावर ओरडला, "काका, किती आली?"

मला उत्तर द्यायला क्षणभर वेळ लागला. गळ्याला धूर लागला होता.

"चौदा," मी म्हणालो. "चौदा पॉइंट एक. सगळी आपल्याला."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ट्रॅक्टर खाचरात बंद करून ठेवला होता आणि माणसं हळू आवाजात बोलत होती, याचं श्रेय मला मिळायला काही हरकत नव्हती. मी मुद्दाम बांधावर जाऊन उभा राहिलो. मीटर कमरेला होतंच.

"आईक," तिथं बसलेल्या एका म्हातारबाबानं शेजारच्याला सांगितलं, मला नव्हे, पण मला ऐकू जाईल असं. "कवापास्नं बंद पडलेला डायनमा. दुकानदारानं हात टेकले. पोराच्या आईनं नुसतं बघितलं आणि म्हनली, ह्याला विरजण न्हाय. घातलं विरजण, झाला चालू."

"विरजण घातलं नाही," मी म्हणालो. "दिवा बदलला. आणि तो मी बदलला."

"व्हय, तुम्ही हुता ना तितं," तो समजुतीनं म्हणाला.

गोष्ट पावसाच्या पाण्यासारखी खाली गेली. सांगिसे, गोवित्री, नाणे. प्रत्येक गावाला ती थोडी वाढली. एका मजकुरात वहिनींनी आल्टरनेटरवर हात ठेवला होता. दुसऱ्यात त्यांनी सकाळची देवपूजा करून खरंच चमचाभर दही आणलं होतं. मी जिथं जाईन तिथं लोकांना बसवून स्टेटर, रोटर, डायोड, लाल दिवा हे सगळं पहिल्यापासून समजावत होतो. लोक ऐकत होते. शेवटी म्हणत, "म्हंजी विरजणच की."

घरी मी वहिनींपाशी तक्रार केली. म्हटलं, निदान तुम्ही तरी लोकांना खरं सांगा. त्या म्हणाल्या, "मी सांगते की. मी म्हणते, मला काय कळतंय त्यातलं, सगळं भावजींनी केलं."

"मग?"

"मंग लोक म्हणतात, बघा, किती साधी बाई!"

यावर काही उपाय नाही. नम्रतेपुढं चौदा व्होल्टचं काही चालत नाही, आणि ती नम्रता माझ्यात कधी नव्हती. बायकोचं म्हणणं, मी खोपोलीच्या आधी लाल दिव्याकडं बघितलं असतं तर श्रेय मिळालं असतं. मी म्हणतो, खोपोलीशिवाय विरजण आलं नसतं. हा वाद आमच्यात अजून चालू आहे. पुतण्या त्यात पडत नाही. तो ट्रॅक्टर अजूनही उतारावरच लावतो. का, म्हणून विचारलं तर म्हणतो, "असू द्या, सवय हाये."

परवा दुपारी सांगिस्याकडून एक जण ट्रॅक्टर घेऊन दारात आला. इंजिन बंद न करता, आमच्या उताराच्या तोंडाशी शहाण्यासारखा उभा करून, तो पडवीत आला. मी इस्त्रीच्या शर्टातच होतो, हल्ली असतोच. मीटरच्या पिशवीचं बटण मी तो पायरी चढायच्या आतच काढलं.

"राम राम साहेब," तो म्हणाला. "वहिनी हायेत का घरात?"

"खाचरात गेल्यात. का?"

"चार्जिंग मारत नाय."

"बसा," मी उठत म्हणालो. "मी बघतो."

"नगं नगं, तुम्ही कशाला तरास घेता," तो पडवीच्या कडेला टेकत म्हणाला. "येऊ द्या त्यांना."